सातव्या नंबरची तबकडी

॥ श्री ॥
बारामती, ता. १२ सप्टेंबर १९३७

ती. सौ. आक्का हिचे चरणी,
धाकटा भाऊ दत्तोबा याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे तात्या खुशाल आहेत, दुकान खुशाल आहे, मी मात्र नाही. चार दिवस झाले, अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठतो आहे. कारण सांगतो.

समोरच्या कापडवाल्या आबासाहेबांनीही ग्रामोफोनच्या तबकड्या ठेवायला सुरुवात केली, हे तुला ठाऊक आहे. आता कंपनीचे फिरते एजंट मोहनराव येऊन सांगून गेले की बारामतीत दोन विक्रेते नकोत, दिवाळीनंतर एकच राहील. कोण राहील ते ठरवण्याची तऱ्हा मोठी अजब. दिवाळीसाठी आठ नव्या तबकड्या निघाल्या आहेत. सबंध जिल्ह्यात त्यांतल्या कोणत्या तीन सर्वांत जास्त खपतील, ती नावं क्रमानं लिहून आम्ही दोघांनी दसऱ्याआधी बंद पाकिटात द्यायची. ज्याचा अंदाज जास्त बरोबर, एजन्सी त्याची.

पोरा, गाणी इकून कुणाचं पोट भरलं न्हाय, असं तात्या अजून येताजाता म्हणतात. एजन्सी गेली तर दुकान गेलं, आणि मी परत मळ्यात वांग्याच्या वाफ्यांत. आक्का, तिथं माझा जीव रमत नाही गं. लहानपणीही रमला नाही.

माझ्या मते पहिली सिनेमातली मिस रतन, दुसरे नकला करणारे बिरदेव मास्तर, तिसरे भावगीतवाले सोपानराव. पण माझ्या मताचा मलाच भरवसा नाही. म्हणून आठही तबकड्या आणि माझं जुनं यंत्र मोटारवाल्या सोनबाबरोबर पाठवतो आहे. इंदापूरच्या लोकांना ऐकव आणि कुणाचं मन कशावर बसतं ते लवकर कळव.

दाजींना नमस्कार. या वेड्या भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दत्तोबा


॥ श्री ॥
इंदापूर, ता. २९ सप्टेंबर १९३७

चि. दत्तोबास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सोनबा तबकड्यांची पेटी मांडीवर घेऊन आला, त्यामुळे तबकड्या धड आहेत. तू मात्र अर्ध्या भाकरीवर उठतोस हे वाचून राग आला. आधी पोटभर जेव, मग काळजी कर.

बाजारच्या दिवशी शाळेच्या ओट्यावर यंत्र लावलं. चावी द्यायचं काम तुझ्या दाजींनी केलं, मुलांना पाढे शिकवताना असते तशीच गंभीर मुद्रा करून. माणसं खूप जमली. मिस रतनला टाळ्या पडल्या, बिरदेव मास्तरांना हसून हसून एका म्हाताऱ्याला ठसका लागला. पण टाळ्यांवर मी जात नाही. शेजारचा वाजवतो म्हणून आपणही वाजवतो. माणसाला खरं काय आवडलं, ते तो एकटा कामात असताना तोंडातून निघतं.

म्हणून मी चार दिवस रोज ओढ्यावर धुणं नेलं आणि कान उघडे ठेवले. नऊ बायकांतल्या पाच जणी सातव्या नंबरची तबकडी गुणगुणत होत्या! ती कुणी नवीन प्रयागबाई आहे ना, तिची जात्यावरची ओवी. ना पेटी ना तबला, नुसता बाईचा गळा. शकुबाई तर दगडावर लुगडं आपटायचा ठेकासुद्धा त्याच चालीवर धरत होती. डोळे मिटून प्रयागबाईचं नाव पहिलं घाल.

काल आईची अविधवा नवमी झाली. कुशाबाईंना सवाष्ण म्हणून जेवू घातलं. आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास, तुला तिचं काही आठवत नाही. म्हणून दरवर्षी तुझ्या वाटची आठवणही मीच काढते.

सोनबाबरोबर तबकड्या आणि यंत्र परत पाठवते आहे. जीवाला जप, आणि पत्राला उशीर लावू नकोस.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥
बारामती, ता. ९ ऑक्टोबर १९३७

ती. सौ. आक्का हिचे चरणी दत्तोबाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट तीन वेळा चिकटवलं आणि तीन वेळा चहाच्या वाफेवर धरून उघडलं. त्याला आता पाकीट म्हणायची सोय राहिली नाही. प्रयागबाई मी दहा वेळा लावून ऐकली. मला तिच्यात काही म्हणजे काही सापडत नाही. ऐकताना समोरून आबासाहेब बघत होते, म्हणून यंत्र आत नेऊन पुन्हा ऐकली. तरी नाही.

पण तू मला कडेवर घेऊन वाढवलंस. मला भूक लागली हे माझ्याआधी तुला कळायचं. तेव्हा लोकांना काय हवं तेही तुला कळत असेल, असं मनाशी म्हटलं आणि प्रयागबाई पहिली, मिस रतन दुसरी, बिरदेव मास्तर तिसरे असं लिहून आज मोहनरावांच्या हातात दिलं. ते गेल्यावर मोटारअड्ड्यापर्यंत त्यांच्या मागे धावणार होतो, पण चप्पल सापडली नाही.

भाऊबीजेला येतो. तोवर तुझा आशीर्वाद पाठीशी राहू दे.

तुझा,
दत्तोबा


॥ श्री ॥
बारामती, ता. २२ नोव्हेंबर १९३७

ती. सौ. आक्का हिस दत्तोबाचा नमस्कार.

निकाल लागला. जिल्ह्यात पहिली मिस रतन, दुसरे बिरदेव मास्तर, तिसरे सोपानराव. तुला मी पहिल्या पत्रात लिहिली होती तीच नावं, त्याच क्रमानं. एकाचीही जागा चुकली नव्हती. तुझी प्रयागबाई आठवी, म्हणजे शेवटची. आबासाहेबांच्या पाकिटात पहिलं आणि तिसरं नाव बरोबर निघालं. माझं एकही जागेवर नव्हतं. एजन्सी त्यांची झाली.

भाऊबीजेला तुझ्या ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. दिवाळीत दुकानात बायका यायच्या, प्रयागबाई लावली की थांबायच्या, मन लावून ऐकायच्या आणि हसायच्या. अवं, ह्ये तर आमी रोज घरी म्हनतो, त्ये इकत कशाला घ्याचं, असं म्हणून निघून जायच्या. हे साधं मला कळायला हवं होतं. तुलाही कळायला हवं होतं, आक्का.

ओढ्यावरच्या त्या पाच बायका खऱ्या होत्या ना, एवढंच लिही. दुसरं काही लिहू नकोस.

दत्तोबा


॥ श्री ॥
इंदापूर, ता. २७ नोव्हेंबर १९३७

चि. दत्तोबास अनेक आशीर्वाद.

बायका खऱ्या होत्या. चूक माझी होती. तुझं पत्र आल्यावर मी ओढ्यावर जाऊन शकुबाईला विचारलं की ही ओवी तुझ्या तोंडात आली कुठून. ती म्हणाली, आक्का, तुमीच तर रोज धुनं धुताना म्हनता, ऐकून ऐकून आमच्या तोंडी बसली. आणि त्या पाच जणींपैकी तिघी बाजारच्या दिवशी ओट्याकडे फिरकल्यासुद्धा नव्हत्या.

दत्तोबा, मी म्हणते हे मलाच ठाऊक नव्हतं रे. रोज धुणं घेऊन जायची, नकळत तीच ओवी म्हणायची, आणि चार दिवसांनी त्यांच्या तोंडून आपलीच ओवी ऐकून हरखून जायची. सगळ्या इंदापूरचं मन ओळखल्याच्या तोऱ्यात मी तुला पत्र लिहिलं.

ती ओवी आईची आहे. ती दळताना म्हणायची. नवमीचे दिवस होते, तबकडी लागली आणि माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. तुझं दुकान माझ्यापायी गेलं. तुझ्या दाजींनी पत्र मी लिहून देतो म्हटलं, पण हे मलाच लिहायचं होतं.

रागावलास तरी चालेल, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
आक्का


॥ श्री ॥
बारामती, ता. ८ डिसेंबर १९३७

ती. सौ. आक्का हिचे चरणी शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर लावला. आधी राग होता, मग रागाची लाज वाटत होती.

उरलेल्या तबकड्या रेल्वेनं दौंडमार्गे कंपनीला परत चालल्या आहेत. दुकानाचा गाळा संक्रांतीपर्यंत सोडायचा आहे. तात्यांनी माझ्यासाठी दोन वाफे मोकळे ठेवले आहेत आणि गाण्यांवरून येताजाता बोलायचंही सोडलं आहे. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तुझं पत्र वाचून काल दुपारी प्रयागबाई पुन्हा लावली. तात्या भाजीची पाटी घेऊन दारावरून चालले होते. ते पाटी डोक्यावर तशीच ठेवून उभे राहिले. तबकडी संपली तशी बाजाराची वाट सोडून घराकडे गेले.

बांधाबांध करताना ती एक तबकडी मी विकत घेतली. माझ्या दुकानातून खपलेली ती पहिली आणि शेवटची प्रयागबाई. यंत्र माझंच आहे, तेही मळ्यात नेईन.

आक्का, एक विचारतो. आईचा आवाज असाच होता का?

उत्तराची वाट बघतो आहे. लवकर लिही.

तुझा,
दत्तोबा


॥ श्री ॥
इंदापूर, ता. १२ डिसेंबर १९३७

चि. दत्तोबास पोटभर आशीर्वाद.

नाही रे, असा नव्हता. आईचा गळा घोगरा होता आणि तिला सूर नेहमी थोडा खालचा लागायचा. कंपनीनं तिला दारातसुद्धा उभं केलं नसतं.

आणि ती प्रयागबाईसारखी ओवी सरळ म्हणायची नाही. ओळीच्या मधोमध थांबून जात्यात मूठभर दाणे टाकायची, मग उरलेली ओळ म्हणायची. तू तिच्या मांडीवर असायचास. ती थांबली की तुला तेवढाही दम निघायचा नाही. हातपाय झाडून असा आकांत करायचास की शेजारच्या सरुबाई धावत यायच्या. पुढची ओळ सुरू झाली की गप्प. पुन्हा ती थांबली की पुन्हा रडं. आई हसून म्हणायची, ह्या प्वाराला धीर म्हनून न्हाय.

ते थांबणं तुझ्या तबकडीत नाही. ते आता फक्त माझ्याजवळ आहे. संक्रांतीला ये, तात्यांनाही आण. आमचं जातं मांडून मी तुला ती ओवी आईसारखी म्हणून दाखवीन. फक्त मी मधे थांबले की उठून येरझाऱ्या घालू नकोस. दाणे टाकून झाले की पुढची ओळ येते.

वाट बघणारी,
तुझी आक्का