फाटकावरची पिवळी पट्टी

प्रिय ताई,

घराचं छप्पर झालं एकदाचं. गवंड्याने स्वयंपाकघराची खिडकी बोटभर तिरकी बसवलीय. बाबा असते तर त्याला सळो की पळो करून सोडलं असतं. मी पैसे देऊन मोकळा झालो. हल्ली कुणाला बोलायचा धीरच होत नाही मला.

तरी वादळ समितीने नव्या स्वयंसेवकांना शिकवायला मलाच पुढे केलंय. शाळेत कधी फळ्याकडे न बघणारा तुझा भाऊ आता फळ्यावर वर्तुळं काढतो, हस तू! मधोमध वादळाचा डोळा. तो डोक्यावर आला की वारा पडतो, लख्ख ऊनही पडतं, लोकांना वाटतं सुटलो. मग अर्ध्या-पाऊण तासात वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. तेवढ्या वेळात जीप मागे राहिलेल्यांना उचलते. म्हणून रिकाम्या घराच्या फाटकाला पिवळी पट्टी बांधायची. आधी हाक मारायची, आत जायचं, खोली न् खोली बघायची, मगच गाठ मारायची. पट्टी दिसली की जीप त्या घरापाशी थांबत नाही. हे मी पोरांकडून तीन-तीनदा म्हणून घेतो.

वादळाच्या त्या दिवशी सकाळी बाबांचं आणि माझं वाजलं होतं. पत्र्याचे हूक गंजलेत, बदल, म्हणून ते वर्षभर कानीकपाळी ओरडत होते आणि मी आज करतो, उद्या करतो करत होतो. पुन्हा तेच काढलं तसं मी फाडकन म्हणालो, मग तुम्हीच चढा वर. अकराला जीप येईल, तिच्यातून निवाऱ्यात जा, एवढं सांगून मी निघालो.

साडेबाराला आपल्या गल्लीत पट्ट्या बांधायला आलो. प्रत्येक घरात शिरलो गं, शेजारच्या काकूंचं न्हाणीघरसुद्धा पाहिलं. आपल्या फाटकाशी मात्र थांबलो. म्हटलं, जीपने नेलंच असेल, आणि नसेल तर पुन्हा ते हुकांचं पुराण. बाहेरूनच पट्टी बांधली. पण अकराची जीप आलीच नव्हती, पडलेल्या झाडामागे अडकली होती. वारा पडल्यावर ती गल्लीत आली, आणि आपली पट्टी बघून कोपऱ्यावरूनच वळली. निवाऱ्यात ड्रायव्हरने मला विचारलं, बाबा कुठे बसलेत? तोवर वारा फिरला होता.

बाबा पुढच्या खोलीत सापडले, भिंतीखाली. पायात बूट, खांद्याला पिशवी. कुणी यायच्या आत मी ती पट्टी कापून खिशात घातली. तू आलीस, ऊर बडवून रडलीस, की मी बाराला फोन करते म्हणाले होते, त्यासाठीच बाबा घरी थांबले असतील. मी म्हणालो, असेलही.

आठ महिने झाले त्याला. भावजी सांगतात, फोन वाजला की तू दचकतेस, उचलत नाहीस. आणि आता तू लिहितेस की शुक्रवारी माझी माफी मागायला येतेस! माझी! ताई, फोन मागच्या खोलीत होता. बाबा तयार होऊन दाराशी मी सांगितलेल्या जीपची वाट बघत होते. तुझा फोन यात कुठेच नाही. हे वाचूनही यावंसं वाटलं, तर ये. नाही वाटलं, तरी मी शुक्रवारी स्टँडवर उभा असेन.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगार,
बारक्या