भाषणाने मोजलेले किलोमीटर

सोमवार, २ फेब्रुवारी

माझ्या दोन्ही पायांनो! नोकरीची बावीस वर्षं तुमच्यावर अन्याय चाललाय. तोंडाने सभा गाजवायच्या, डोळ्यांनी कपाटंच्या कपाटं वाचून काढायची, आणि तुम्ही? टेबलाखाली, एकावर एक, मुंग्या येईपर्यंत! आज तर कहर झाला. तुम्हाला न विचारता मी तुमच्या वतीने शब्द देऊन बसले.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर चढले होते. विषय — उपचार केंद्राची गाडी. अर्धांगवायू झालेल्यांना घरून नेऊन पुन्हा चालायला शिकवणारं केंद्र. त्यांची गाडी नोव्हेंबरात कायमची बसली, आणि तिच्याबरोबर माणसंही घरी बसली. आमचे सासरेबुवा, म्हणजे बाबा, त्यातलेच. आता मदतीसाठी केंद्राने मार्चअखेर चाळीस किलोमीटरची पदयात्रा ठेवलीय. "ज्याला पाय आहेत, त्याला सबब नाही!" असं मी गरजले.

मोठे साहेब चहा ढवळत म्हणाले, "बाई, दुसऱ्यांचं राहू द्या. तुम्ही दहा तासांत चाळीस पुरे करा. कारखान्याची जुनी व्हॅन केंद्राला देतो."

टाळ्या! आणि मी — "मान्य!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

नवरा ऐकून पलंगावर बसलाच. "अगं, कोपऱ्यावरून पाव आणायचा तरी मला पाठवतेस!"

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पहाटे पाचला उठले. डबे, लेकीचं दप्तर, बाबांची गोळी, मग बाहेर. तळ्याला एक चक्कर मारली आणि बाकावर बसले. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन तीनदा माझ्यासमोरून गेला. तिसऱ्या वेळी कुत्र्यानेही माझ्याकडे दयेने पाहिलं.

मंगळवार, १० फेब्रुवारी

युक्ती सापडली! चालताना कंटाळा येतो, कारण ऐकायला कोणी नसतं. म्हणून आज "आठ तासांचा दिवस" हे माझं युनियनच्या सभेतलं जुनं भाषण म्हणत चालले. वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. एक भाषण म्हणजे दोन किलोमीटर — असा हिशोब धरलाय. घड्याळ नको, फोन नको. माणसाचा आवाज हेच माप!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

ऑफिसातही सराव. आमचा पंपांचा कारखाना, माझा तक्रार विभाग. दिवसभर कानाला फोन. आज उभी राहून, वायर पुरेल तितक्या येरझाऱ्या घातल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, पंपातून धापा टाकल्यासारखा आवाज येतोय." म्हटलं, "तो पंप नाही, मी आहे."

रविवार, १५ फेब्रुवारी

फोड. उजवी टाच. सभा तहकूब.

बुधवार, १८ फेब्रुवारी

बाबांना म्हटलं, खिडकीपर्यंत तरी या ना, मी चालताना दिसेन. केंद्रात जात होते तेव्हा काठी टेकत फाटकापर्यंत यायचे. आता पेपरसुद्धा पलंगावर लागतो.

भिंतीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. मी आता हद्दीचा दगड. एकदा ठोकला की ठोकला."

मी काय कमी? माणसाची इच्छाशक्ती या विषयावर पंधरा मिनिटं बोलले. संपलं तेव्हा ते घोरत होते!

रविवार, २२ फेब्रुवारी

वीस किलोमीटर!! दहा भाषणं, एका दमात. निम्मं मैदान मारलं. घरी येऊन खुर्चीवर उभी राहून जाहीर केलं.

बाबांनी पलंगावरून विचारलं, "कशाने मोजलंस?"

"भाषणाने."

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू मी कुणाची जमीन पावलं टाकून वाटून दिली.

रविवार, १ मार्च

हात दाखवून अवलक्षण! बाबांनी माळ्यावरून आपलं मोजणीचं चाक काढायला लावलं — लांब दांडा, खाली चाक, फिरेल तसा आकडा पुढे सरकतो. ते लेकीच्या हातात दिलं. "आईच्या मागून जा. पूर्ण एक भाषण."

परत आल्यावर लेकीने आकडा वाचला. अकराशे मीटर.

"चाक बिघडलंय!" मी ओरडले.

"चाक ठीक आहे," लेक म्हणाली. "आजोबा, आई टाळ्यांसाठी थांबते."

नवरा स्वयंपाकघरात पळाला. तिथून त्याचं हसू ऐकू येत होतं.

म्हणजे वीस नव्हते. अकरा होते. दहा तासांत चाळीस कसले, मी रस्त्यातच माझ्या मुद्द्यांवर उभी राहिले असते! आणि व्हॅन गेली असती. थोडं रडूही आलं. कोणाला सांगणार नाही.

सोमवार, २ मार्च

बाबांनी पेन्सिल मागितली. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा! डाव्या हाताने कागद दाबून चार आठवड्यांचा तक्ता आखला — रोजचं अंतर, किती मिनिटांत, पाणी कुठे. तळाशी जाड रेघ आणि नियम एकच : मुकाट्याने चालणे.

शनिवार, ७ मार्च

न बोलता बारा किलोमीटर. तळ्याच्या कडेला बदकं असतात! इतके दिवस होती?

रविवार, २२ मार्च

अठ्ठावीस. चाकाने मोजलेले. बाबा आकडा टिपून घेतात, मान हलवत नाहीत. पण आज तक्ता देताना पलंगाच्या काठावर पाय खाली सोडून बसले होते.

रविवार, २९ मार्च

बसूनच लिहितेय. उभं राहवत नाही.

एकतिसाव्या किलोमीटरवर पाण्याचं टेबल होतं. तिथे केंद्राच्या बाईंनी चक्क ध्वनिक्षेपक पुढे केला. "लोक दमलेत हो. तुमचे दोन शब्द!" समोर शेदोनशे माणसं. असा श्रोता वर्षात एकदा मिळतो! घशापर्यंत भाषण आलं. मग ते अकराशे मीटर आठवले.

हात जोडले आणि पुढे निघाले. साहेबांना नंतर कोणी सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.

चाळीस किलोमीटर. नऊ तास एकोणपन्नास मिनिटं. बोलले असते तर व्हॅन गेली असती! साहेबांनी व्हॅनची किल्ली केंद्राच्या बाईंच्या हातात ठेवली. मी तिथेच खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

सोमवार, ३० मार्च

रजा. दोन्ही पाय बादलीत. दुपारी बूट उचलायला गेले तर उजव्या बुटात कागदाची घडी. ओळी वाकड्या, पण अक्षर मोजणी खात्याचं :

"सूनबाई, गाडी येईल तेव्हा येईल. उद्या सकाळी सहाला, माझा पलंग ते फाटक. चाक मी धरणार. तू बाजूने चाल. आणि तोंड बंद ठेव."