सात सेकंदांत किती मीटर

३ तारीख, सोमवार

फॉर्म दिला. जड वाहनाची लेखी परीक्षा, सतरा तारखेला सकाळी साडेनऊ वाजता. पन्नास प्रश्न, चाळीस बरोबर यायला हवेत. काउंटरवरच्या बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, परत फोटो पाहिला. "मिस्टरांचा फॉर्म आहे का?" म्हटलं, नाही, माझाच. मिस्टर सत्तावीस वर्षं ट्रक चालवतायत. "मग तुम्हाला कशाला हवंय?"

कशाला, ते इथेसुद्धा आज लिहिणार नाही.

४, मंगळवार

लिहिते. नाहीतर ही वही ठेवली कशाला!

गेल्या महिन्यात यांच्यासोबत फेरीला गेले होते. भर दुपार, सरळ रस्ता, मागे वीस टन सिमेंट. हे आमच्या वजनकाट्यावरच्या नव्या मॅनेजरची नक्कल करत होते. मला हसून हसून पुरेवाट झाली होती. आणि वाक्य मध्येच थांबलं. वाटलं, आरशात काही दिसलं असेल. बघते तर डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि आत माणूस नाही. अहो, म्हटलं. अहो! ओठ हलत होते, काहीतरी चघळल्यासारखे. गाडी कडेच्या पांढऱ्या पट्टीकडे सरकली, पट्टी ओलांडली, चाकांखाली खडी वाजायला लागली — तेव्हा हे परत आले. स्टिअरिंग सरळ केलं. नक्कल पुढे चालू!

"अशी काय बघतेयस?"

म्हटलं, काही नाही.

त्यानंतर घरात दोनदा झालंय. एकदा दाढी करताना, एकदा फोनवर. यांना पत्ताच नाही. मी कोणालाही सांगितलेलं नाही. गाडी गिअरबॉक्ससाठी मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आहे, वीस तारखेला मिळणार. तोपर्यंत ठीक. सतराला पास झाले की शिकाऊ लायसन्स मिळतं, मग अनुभवी चालक शेजारी असला की मला चालवता येतं. म्हणजे गाडी माझ्या हातात आणि हे शेजारी. माझी अक्कल एवढीच चालली.

यांना सांगितलंय, दोघांनी चालवलं तर लांबच्या फेऱ्या घेता येतील. स्वारी खूश आहे.

५, बुधवार

क्लासचा पहिला दिवस. टायरच्या दुकानावरची खोली, रबराचा वास, फळ्याला एक पाय नाही. अकरा पोरं आणि मी. निम्म्यांना ओळखते — क्लीनरकी करतात, काट्यावर गाडी लावतात आणि माझ्या खिडकीशी येऊन पावती घेतात. मला काटा-वहिनी म्हणतात.

"वहिनी, आता स्वतःचीच गाडी स्वतःच तोलणार का?"

"तुमची दर वेळी दीड टन जास्त भरते. त्याचं बोल आधी."

हशा. मास्तरही हसले. पस्तीस वर्षं ट्रक चालवून आता गुडघे गेलेत, म्हणून शिकवतात. सराव परीक्षेत मला पन्नासपैकी चोवीस. पोरांमध्ये सगळ्यात कमी एकतीस.

शेवटची परीक्षा देऊन पंचवीस वर्षं झाली. तेव्हाही पाचावर धारण बसायची, पण तेव्हा नापास झाले असते तर आई ओरडली असती. फक्त आई.

६, गुरुवार

पुढच्या गाडीपासून अंतर किती ठेवायचं, हा धडा. आपल्या गाडीच्या लांबीच्या दर तीन मीटरला एक सेकंद. आमची अठरा मीटर, म्हणजे सहा सेकंद. पुढची गाडी खांबापासून गेली की मोजायला लागायचं — एक हजार एक, एक हजार दोन — आपण खांबाशी पोचेपर्यंत सहा झाले पाहिजेत. मास्तरांनी सगळ्या वर्गाकडून मोठ्यांदा म्हणवून घेतलं. बालवाडी!

७, शुक्रवार

एकोणतीस.

८, शनिवार

आज हे मला गॅरेजमध्ये घेऊन गेले, निघण्याआधीची तपासणी शिकवायला. हात लावायचा आणि मोठ्याने बोलायचं. "नुसतं बघितलेलं फसवतं गं. हात लावलास की लक्षात राहतं." दिवे, आरसे, स्प्रिंगचे पाटे, ब्रेकच्या नळ्या. किती छान शिकवतात! हवेचा ब्रेक मला पुस्तकातून चार दिवस कळत नव्हता, यांनी दोन मिनिटांत सांगितला. हवेने ब्रेक लागतो, पण चालत्या गाडीत स्प्रिंगचा ब्रेक मागे दाबून धरायलाही हवाच लागते. हवा फार कमी झाली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आपोआप आवळला जातो. "म्हणजे गाडीतच काही बिघडलं तर ती आपली आपण थांबते. चालकाला विचारत बसत नाही."

मिस्त्री गाडीखालून ओरडले, "वहिनी, चांगलं शिका आणि याला घरी बसवा. गिअरबॉक्सची पार चटणी केलीय यानं!"

"तू नट आवळ, मास्तरकी करू नकोस," हे.

मग चाकाचे नट. एकेका नटाला बोट लावून मोजत होते. चार, पाच, सहा — आणि थांबले. बोट नटावर, ओठ तसेच हलणारे. आणि मी काय केलं? मोजलं. मनातल्या मनात. एक हजार एक, एक हजार दोन... एक हजार सात. मग म्हणाले, "हां, तर इथे गंज दिसला की समजायचं नट ढिला आहे."

मान वर केली तर मिस्त्री गाडीखालून अर्धे बाहेर आलेले. यांच्याकडे बघत होते. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली पडलेला पाना उचलून जागेवर ठेवला.

घरी येऊन हिशेब केला. ताशी ऐंशी किलोमीटर म्हणजे सेकंदाला बावीस मीटर आणि थोडं. सात सेकंदांत एकशे पंचावन्न मीटर.

एकशे पंचावन्न मीटर गाडी कोणीच चालवत नाही.

९, रविवार

लेक हॉस्टेलवरून आली, जेवली, माझी परीक्षा घेतली. "आई, घाई करू नकोस. प्रश्न पूर्ण वाच. तू अर्धा वाचून उत्तर देतेस." पोटची पोर आईला शिकवते! चारच्या बसने परत गेली. खिडकीत बसून हात केला.

बस त्याच रस्त्याने जाते. यांच्या फेरीच्या. इतकी वर्षं माहीत होतं, आज बस वळेपर्यंत उभी राहिले.

११, मंगळवार

बोलले शेवटी. काल दिवसभर वाक्यं जुळवली आणि आज एकही कामाला आलं नाही. हे पेपर वाचत होते. म्हटलं, आपण एकदा डॉक्टरकडे जाऊ या.

"कशाला? बरं नाही का तुला?"

मला नाही. तुम्हाला मध्येच काही कळेनासं होतं. त्या दिवशी रस्त्यावर झालं, शनिवारी गॅरेजमध्ये झालं.

चिडतील वाटलं होतं. चिडले नाहीत, तेच वाईट. पेपराची घडी घातली, परत उलगडली. "मला वाटलंच," म्हणाले. "कधीकधी पुढचा पूल एकदम जवळ आलेला असतो. मधला रस्ता कुठे गेला कळत नाही."

म्हणजे माहीत आहे!

"मग डॉक्टर..."

"डॉक्टरनं एक ओळ लिहिली की लायसन्स गेलं. एकोणिसाव्या वर्षापासून हेच करतोय, मला दुसरं काय येतं? आणि तू पास होणारच आहेस. तू शेजारी असशील. मला काही झालं तर तू हाक मार. काही नाही होत."

हाक मारली होती. दोनदा.

१२, बुधवार

छत्तीस. पण ते नाही लिहायचं. आजचा प्रश्न लिहायचाय.

सराव पुस्तकातला एकतिसावा. 'आपल्यासोबत काम करणाऱ्या चालकाला शुद्ध हरपण्याचा विकार असल्याचे आपल्याला ठाऊक आहे. आपण काय कराल? अ — त्याला विश्रांती घेण्यास सांगाल. ब — त्याच्यासोबत प्रवास कराल. क — दुर्लक्ष कराल. ड — परवाना कार्यालयास कळवाल.'

मी 'ब' वर खूण केली होती. अख्ख्या वर्गात मी एकटी. मास्तर म्हणाले, "वहिनी, शेजारी बसून काय करणार? स्टिअरिंग ओढणार? वीस टन माल आहे मागे." मग वर्गाकडे वळून, "परीक्षेत ड. बाहेर काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं." पोरं खो खो हसली. मीही हसले. कसं हसले कोण जाणे.

दुपारभर काट्यावर चुका. एका गाडीची पावती दुसरीला दिली. माझा बेत म्हणजे तो 'ब' होता. यांनी तो माझ्याहून घट्ट धरला. मी पास झाले की हे निर्धास्त होतील, अर्धा रस्ता मी, अर्धा हे — आणि वर्षानुवर्षं कोणालाही कळणार नाही. एक दिवस कळेपर्यंत.

१३, गुरुवार

काहीही वाचलं नाही. नापास झाले तर? तर हे एकटे जातील. पास झाले तर? तर दोघं जाऊ. इकडे आड, तिकडे विहीर.

१४, शुक्रवार

कामावरून परस्पर गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री एकटेच होते, हात पुसत होते. म्हटलं, गाडी वीसला देऊ नका. आणखी चार-पाच दिवस ठेवून घ्या.

कारण विचारलं नाही. बराच वेळ हात पुसत राहिले. "बेअरिंग आलं नाही म्हणून सांगतो. पण वहिनी, मी किती दिवस पार्ट अडवणार? आणि तो मला ओळखतो चांगला. वीस वर्षांचा दोस्त आहे, माझं खोटं वासावरून ओळखेल."

तरी हो म्हणाले.

१६, रविवार

उद्या. सराव केला, एकेचाळीस. आनंद नाही. हे माझी पेनं तपासून ठेवतायत, दोन निळी, एक काळं. "घाबरू नकोस गं. मी पहिल्यांदा नापास झालो होतो, कुणाला सांगू नकोस."

इतक्या प्रेमाने बोलू नका ना.

१७, सोमवार

साडेनऊ. चाळीस टेबलं, भिंतीवर घड्याळ, घड्याळाचा आवाज. पहिले दहा प्रश्न वाचता येईनात, अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. मग एकदा लागला आणि लागत गेला. अंतराचा आला. ब्रेकचा आला. सव्विसावा तोच होता, शब्द थोडे वेगळे. 'ड' ला खूण केली. पेन उचललं आणि बसून राहिले, पुढच्या प्रश्नावर जाता येईना. पर्यवेक्षक बाई शेजारी येऊन म्हणाल्या, "बरं वाटत नाही का? पाणी हवंय?"

त्रेचाळीस. पास! शिक्का मारून दिला.

बाहेरच्या बाकावर बसले. यांचा फोन आला, उचलला नाही. मग परत आत गेले, खिडकी क्रमांक सहा, 'चालकाच्या प्रकृतीविषयी सूचना'. तिथे रांग नव्हती. कारकुनाने कागद सरकवला. चालकाचं नाव, लायसन्सचा नंबर — पाठ आहे, लग्नापासून पाठ आहे — काय पाहिलंत, कधी, किती वेळा. खाली, तुमचं नाव. "ते चालकाला कळवत नाही आम्ही," कारकून म्हणाला. त्याखाली, चालकाशी नातं. तिथे थांबले. तो म्हणाला, "ते रिकामं ठेवलं तरी चालतं."

लिहिलं. पत्नी.

"तपासणी होईपर्यंत लायसन्स थांबवतील. आठवडाभरात पत्र जाईल."

घरी आले तर हे दारात उभे. "किती?" त्रेचाळीस म्हटल्यावर मला उचललं! या वयात! शेजारी बघत होते.

१८, मंगळवार

यांनी सगळ्यांना फोन करून सांगितलं. बहिणीला, लेकीला, काट्यावरच्या मॅनेजरलासुद्धा.

२०, गुरुवार

गाडी मिळाली नाही. बेअरिंग नाही. हे गॅरेजमधून पाय आपटत आले. "खोटं बोलतोय. माझ्या डोळ्यांत बघत नाही. त्या शनिवारी पण कसा बघत होता माझ्याकडे, तू पाहिलंस ना?"

म्हटलं, पार्ट नसेल आला.

दिवसाला एक तरी खोटं. रोज दुपारी पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं टाकून खिडकीशी.

२२, शनिवार

पत्र नाही. आज जेवताना परत. भाताचा घास हातात, नऊ सेकंद. आधी सात असायचे.

मी बरोबर केलं. मी बरोबर केलं. मी बरोबर केलं.

२४, सोमवार

पत्र आलं. यांनीच घेतलं, यांनीच फोडलं, उभ्याउभ्याच वाचलं. 'प्राप्त सूचनेवरून आपला परवाना वैद्यकीय तपासणीपर्यंत स्थगित...' दोनदा वाचलं. मग तोंड लाल झालं. "मिस्त्री! त्याच्याशिवाय दुसरं कोण! वीस वर्षांची दोस्ती — थांब, त्याला दाखवतो." चपला घालायला वाकले.

मी म्हटलं, मिस्त्री नाही. मी.

एक चप्पल पायात, एक हातात. तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. मी आत आले, आत येऊन हे लिहितेय. बाहेरून अजून पावलं वाजलेली नाहीत — इकडेही नाहीत, फाटकाकडेही नाहीत.