धुक्यात बंद केलेलं यंत्र

देवपूर, धुळे
२ फेब्रुवारी १९८९

ती. कुंदावहिनींना सुकदेवचा नमस्कार.

तुम्ही सगळे बरे असाल. मंजुळाचं दहावीचं वर्ष, तिला जागरण करू देऊ नका. यंदा थंडीनं केळीला चरका बसला म्हणतात. आपला मळा वाचला का?

धुळ्याचा शिक्का पाहून नवल वाटेल. रजेवर आलोय. अभिमन म्हणून कॉलेजातला मित्र आहे, त्याच्याकडे उतरलो. तो दिवसभर कचेरीत असतो, घरात मी एकटाच. खरं तर तिकीट आपल्या सावद्याचंच काढलं होतं. स्टेशन आलं, बॅग दारापर्यंत नेली, आणि उतरलो नाही. जळगावहून एसटीनं इकडे आलो.

विमानतळावरच्या माझ्या कामाचं एक सांगतो. धुक्यात वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही, तेव्हा आमचं जमिनीवरचं यंत्र रेडिओच्या लहरींनी त्याला उतरायची वाट दाखवतं. ती वाट सरळ आहे ना, हे तपासायला शेजारी दुसरं यंत्र असतं. त्यानं चूक दाखवली की वाट बंद करायची, असा नियम. चार वर्षं खपून मी तिथे एकाऐवजी तीन तपासणारी यंत्रं बसवली. त्यातल्या दोघांनी चूक दाखवली तरच वाट बंद. गेल्या महिन्यात दाट धुकं पडलं. एका यंत्रानं चूक दाखवली, उरलेल्या दोघांनी नाही, म्हणून वाट चालू राहिली. अकरा विमानं सुखरूप उतरली. ऑफिसात पेढे वाटले. माझा मी कागदात गुंडाळून ठेवून दिला.

वहिनी, चार वर्षांपूर्वी लीलाधरभाऊ केळीच्या वॅगनींबरोबर आमच्या शहरात आले, आजारी पडले, आणि मी तुम्हाला तार केली. तुम्ही मुंबईहून पहिल्यांदाच विमानात बसलात. त्या सकाळी विमान उतरू शकलं नाही, दुसरीकडे नेलं. तुम्ही पोचलात दुसऱ्या दिवशी. भाऊ आदल्या संध्याकाळीच गेले होते.

तुम्ही दर पत्रात लिहिता, "धुकं काय कोणाच्या हातात असतं?"

त्या सकाळी ड्यूटीवर मी होतो. तेवढ्या धुक्यात यंत्राच्या आधारानं विमान उतरलं असतं. तपासणीच्या यंत्रानं चूक दाखवली आणि वाट मी बंद केली. तुम्ही त्याच विमानात आहात हे मला माहीत होतं. नंतर कळलं, वाट सरळच होती. तपासणीच्या यंत्राच्या केबलमध्ये दव शिरलं होतं. साहेब म्हणाले, "तुम्ही नियमानंच वागलात." ते खरं आहे. पण चार वर्षं मी तुमच्यासमोर धुक्याच्या आड उभा राहिलो.

अजून एक राहिलं. ते लिहायला तीन दिवस लागले.

त्याच दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. भाऊंना धाप लागली होती. त्यांनी विचारलं, "इमान उतरलं का रे?"

मी म्हणालो, "उतरलं. वहिनी रिक्षात बसल्या, येताहेत."

त्यांना बरं वाटलं. म्हणाले, "मग माझे केस विंचरून दे. असा दिसलो तर घाबरेल ती."

मी विंचरले. मग ते दाराकडे तोंड करून पडून राहिले, शेवटपर्यंत.

रजेचे आठ दिवस उरलेत. तुम्ही बोलावल्याशिवाय मी सावद्याला येणार नाही.

तुमच्याशी आणि भाऊंशी खोटं बोललेला तुमचा दीर,
सुकदेव