मांजरानं पाडलेलं डांगर

आत्याबाई,

उद्या तुमच्या पणतीचं बारसं आहे. घरात पाव्हणे भरलेत, तुमच्या फोटोपुढं उभं राहून बोलायची सोय नाही. बोलले तर म्हणतील, कांताच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणून लिहिते. चौथीत शाळा सुटली, अक्षर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला तर तेही वाचता येत नव्हतं, मग चुका कोण काढणार?

पोर चांगली आहे, हे आधी सांगते. रडायला लागली की गोठ्यातली म्हैस मान वर करते. तुमची नातसून दीपालीही धडधाकट आहे. मी आता कुठं मोकळा श्वास घेतला.

तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि दीपालीला पुन्हा दिवस गेले. पहिल्या वेळचं तुम्ही पाहिलं होतंत, हातचं गेलं ते. ह्या वेळी पोटात काही ठरेना. भाकरी नको, भात नको, वरणाचा वास आला की मोरीकडं पळायची. गालाची हाडं वर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मला काय, ओरडता येतं. पण ओरडून कुणाच्या घशाखाली घास उतरतो का?

मग एका सकाळी तीच आपणहून बोलली. "आई, मला थाई सूप प्यावंसं वाटतंय. लाल भोपळ्याचं."

"कसलं?"

"थायलंडला करतात तसं. सावेडीच्या हॉटेलात आम्ही मैत्रिणी प्यायला जायचो."

"आन त्यात काय घालत्यात?"

"नारळाचं दूध, गवती चहा, आलं, मिरची, लिंबाची पानं. माशाचं पाणीपण घालतात, पण ते नको."

"त्याचं नावच काढू नको," मी म्हटलं.

हसावं का रडावं? गवती चहा मोरीच्या पाण्यावर माजलेला, लिंबाचं झाड दारात, नारळ देवापुढं. अख्खं थायलंड आपल्या परसात होतं. आणि लाल भोपळा, म्हणजे आपलं डांगर, फळीवर होतं, तुमच्याच बियांचं, गोठ्याच्या पत्र्यावर चढलेल्या वेलाचं.

पण डांगर अख्खं होतं ना. अख्खं डांगर म्हणजे घरचा थोरला लेक, पहिली विळी बाप्यानं लावायची, मग बाईनं चिरायचं, हे तुम्हीच शिकवलं. गरवार बाईचे डोहाळे मोडू नयेत, हेही तुम्हीच. आता दोन्ही एकदम कसं पाळायचं, ते कधी सांगितलंत का? तुमचा लेक आणि नातू टेम्पोत कांदा भरून हैदराबादला गेलेले. बाजाराचा दिवस, वस्तीवर हाकेला ओ द्यायला बाप्या नाही.

फोन केला. तुमचा लेक म्हणतो, "व्हिडिओ लाव. मी हितून विळीला हात लावल्यावानी करतो, मंग तू चिर."

"मोबाईल विळीवर धरू का?" म्हटलं आणि फोन ठेवला.

शेजारची जनाबाई दारात येऊन बसलीच होती. "कांता, वाईच दम धर," म्हणाली. "घरात गरवार पोरगी, एक डाव हातचं गेलंय. उद्या सांजच्याला येत्यात की तुझी मान्सं."

उद्या सांजेला? किती दिवसांनी पोरीनं तोंडानं काही मागितलं होतं. उद्या तिला तेही नकोसं झालं तर?

मी डांगर पुढ्यात घेतलं, विळी मांडली. आत्याबाई, मी कुणाला भीत नाही, तुम्हालाही कधी भ्याले नाही. पण हात पुढं जाईना. पुन्हा काही इकडचं तिकडं झालं तर ह्या हातानंच झालं असं वाटलं असतं.

तेव्हा तुमचं ते डांगर आठवलं. माझ्या पोटात तुमचा नातू होता आणि मला डांगराच्या घारग्यांचे डोहाळे लागलेले. मामंजी आणि हे बैल बघायला संगमनेरकडं गेलेले. मी फळीकडं बघत बसायचे. तुम्ही म्हणालात, "टक लावून बघू नको, बाप्ये आल्याबिगर न्हाई." मी मनातल्या मनात तुम्हाला दगड म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी धाडकन आवाज झाला. पळत आले तर डांगर खाली फुटलेलं, आणि तुम्ही कमरेवर हात ठेवून शिव्या देताय. "मेल्या मांजरानं पाडलं बघ. आता फुटलंच हाय तर कर घारगे. वाया का घालवती?"

आपोआप फुटलेल्याला दोष नाही, एवढं मला तेव्हा समजलं होतं. मी विळी सारली, डांगर उचललं आणि मोरीच्या दगडावर सोडून दिलं.

जनाबाई दचकून उठली. "काय झालं गं?"

"मांजरानं पाडलं." तोंडातून तुमचंच वाक्य निघालं.

जनाबाई पुन्हा खाली बसली. "मांजरानं व्हय? तुझ्या सासूचं बी मांजरच हुतं. मी हितंच दारात हुते तवा. दोनी हातांनी उचलून सोडलं म्हातारीनं. वर मलाच म्हनली, बोललीस तर माझ्या घरचं ताक बंद."

"आन तू आज सांगती?"

"ताक आजून चालू हाय न्हवं."

मी फुटलेल्या फोडी वेचायला लागले. खरंच की! तुम्ही डांगर कधी नुसतं ठेवत नव्हतात. फडक्याची चुंबळ करून त्यात बसवायचात, गडगडू नये म्हणून. चुंबळीतलं डांगर मांजर कसं पाडणार? एवढी वर्षं माझ्या डोक्यात कसं आलं नाही? आणि तुम्ही तरी, एका शब्दानं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी तुम्हाला दगड समजत राहिले, आणि तुम्ही समजू दिलंत.

लाईट नव्हती, मिक्सर बंद. दीपाली वास नको म्हणून दाराबाहेर बसून सांगत होती, मी करत होते. फोडी मऊ शिजवल्या. आलं, लसूण, मिरची आणि गवती चहाचे बुडखे पाट्यावर ठेचून तेलावर परतले. वास उठला तसं वाटलं, चहा आणि कालवण एकाच पातेल्यात पडलंय. ताकाच्या रवीनं सगळं घोटलं. नारळ खवून फडक्यातून दूध पिळलं.

"आई, दूध घातल्यावर उकळू नका, फुटेल."

"मला दूध शिकवती का?" म्हटलं, पण आच कमी केली. मीठ, लिंबाची पानं, गुळाचा खडा, उतरवल्यावर लिंबू पिळलं.

तिनं वाटी तोंडाला लावली. मी मोरीकडं बघत बसले, आता पळते की मग पळते. पळाली नाही. वाटी पुढं केली आणि म्हणाली, "अजून आहे का, आई?"

मी पातेलंच पुढं सरकवलं. जनाबाईनंही वाटी आणली. "दिसतंय पातळ पिठल्यावानी, पर जिभंला बरं हाय."

त्या दिवसापासून पोरीचं पोट हळूहळू ताळ्यावर आलं. सुपावरून भातावर, भातावरून भाकरीवर. पण माझ्या मनातलं भय गेलं नव्हतं. ते गेलं नर्सनं पोर हातात दिली तेव्हा. मी आधी तिची बोटं चाचपली, मग दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

तुमचा लेक म्हणतो, "पोरगी झाली म्हनून रडती व्हय?"

"गप बसा," म्हटलं, "तुमाला काय कळतंय."

पोरीला तुमचं नाव ठेवत नाही, आताच सांगते. दीपालीनं कुठलं तरी नवीन काढलंय, मला ते धड म्हणताही येत नाही.

उद्याच्या पंगतीत ते सूप आहे. फळीवर चुंबळीत डांगर तयार आहे. घरात बाप्ये चिक्कार, तुमचा लेक आत्ताच विचारून गेला, कवा चिरायचं. त्यांना मी हाक मारणार नाही. सगळ्यांसमोर विळीवर बसेन आणि पहिली खाप मीच पाडेन. पोर दीपालीच्या मांडीवर असेल, तिला बघू दे. मांजरावर काही ढकलणार नाही. आणि जनाबाईचं ताक मी असेपर्यंत चालू राहील, हा शब्द देते.

त्या डांगराचे घारगे पोटभर खाल्लेली,
तुमची सून
कांता