फौजी मिशी आणि विजेचं काम

कोरेगाव, १२ नोव्हेंबर १९७४

फौजेतून सुटलो, आता छत्तिसाव्या वर्षी उमेदवारी. वायरिंगचं काम शिकायला साताऱ्याला गेलो. मिस्त्री माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. माझी मिशी बघून उठूनच उभा राहिला.

"आवं हवालदारसाहेब, चुकलात तर तुमाला शिवी कशी घालू? विजेच्या कामात शिवी खाल्ल्याबिगर माणूस वाचत न्हाई."

खोटं काय बोलला? म्हटलं, मला अरे म्हणा. त्यानं तोंड उघडलं, पुन्हा मिशीकडं पाहिलं आणि परत 'आवं'च म्हणाला.

तरी उद्या जाणारच. घरी येऊन मिशी उतरवायला वस्तरा काढला, तर बायको दारातच थबकली.

"आवं, मामंजी जित्तं हायत की!"

ओसरीवर वडील खोकले. वस्तरा अजून समोरच पडलाय.