आईच्या टूरबसमध्ये

गुरु. १ डिसें. २००५, माबेला (मस्कत)

सकाळी कपडे वाळत घालत होते, सांगलीहून शैलामावशीचा फोन. "मेधा, उद्या आम्ही मस्कतला येतोय. लेडीज टूर. आठवडाभर. ताई पण आहे."

ताई म्हणजे आई.

बादलीवरच बसले. ९३ साली इक्बालशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हापासून आई माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. ९९ ला बाबा गेले, तेही मला तेराव्यानंतर कळलं, तेही मावशीकडून. सना नऊ वर्षांची झाली. आजी म्हणजे तिला फक्त इक्बालची आई, रत्नागिरीची.

"तिला माहीत आहे ना मी इथे असते ते?"

"न माहीत असायला काय झालं? सगळ्या बायका दुबई दुबई करत होत्या. ओमान तिनेच लावून धरलं."

"घरी येईल?"

"ते मला विचारू नकोस बाई. पण एक बाई गळाल्यात, बसमध्ये जागा आहे. मी टूरच्या मॅडमना सांगते, ओळखीची आहे, तिथलीच आहे, वाटेत मदत होईल. तू बसमध्येच ये."

इ. म्हणाला, जा. सनाला शाळेतून आणायचं तो आणि शेजारची केरळी बाई मिळून बघतील. सनाला काय सांगू? मैत्रिणी आल्यात म्हटलं.

शनि. ३ डिसें.

मस्कतच्या रुवी भागातलं हॉटेल. सातलाच पोचले. इ.ने सोडलं, आत आला नाही.

आई जिन्यावरून उतरली. केस सगळे पांढरे. साडीवर कॅनव्हासचे बूट. मी पुढे झाले, "आई" म्हटलं, बहुतेक तोंडातल्या तोंडात. ती म्हणाली, "नमस्कार. तुम्हीच का आमच्याबरोबर येणार? शैला म्हणाली मला."

तुम्ही! मला! सगळ्या लॉबीसमोर, गोड आवाजात. आणि जाऊन बसमध्ये मावशीशेजारी बसली. मला जागा मिळाली तीन सीट मागे. दिवसभर तिचा अंबाडा बघत होते.

आधी मोठी मशीद. सगळ्यांना डोकं झाकायचं. आईचा स्कार्फ सारखा घसरत होता. मी हात पुढे केला, तर तिने मान बाजूला घेतली आणि दारावरच्या ओमानी बाईकडून बांधून घेतला. तिला "थँक्यू हं" म्हणाली, मराठी 'हं' लावून. माझ्याशेजारच्या पटवर्धनबाई मला म्हणतात, "तुम्हाला स्कार्फ छान जमतो हो, सवय दिसते." मला सवय वगैरे काही नाही.

टूरच्या देवधर मॅडमकडे शिट्टी आहे. शिट्टी वाजली की उतरायचं, वाजली की चढायचं. मत्रा सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, आईला एका दुकानाशी एकटी गाठली, लोबानाचा वास घेत होती. "आई, दोन मिनिटं—" म्हटलं आणि शिट्टी. तिने डबी खाली ठेवली आणि चालू लागली. सुटका झाल्यासारखी.

रवि. ४ डिसें., निझवा

काय मूर्खपणा करून बसले आहे!

पटवर्धनबाई मला गाइडच समजतात. खजूर कुठला घ्यायचा, सोनं इथे स्वस्त की दुबईला, इथल्या बायका घरात काय घालतात. मिस्टर काय करतात? रुसैलला फॅक्टरीत फोरमन, म्हटलं. नाव? मी म्हटलं, "बाई, पाण्याची बाटली पडली तुमची."

किल्ला चढताना आई सगळ्यांच्या पुढे. गुडघे माझे दुखतात, तिचे नाहीत. वर बुरुजावर वीस बायकांचा घोळका करून शिक्षिका होती तेव्हाच्या शाळेतल्या गमती सांगत होती. इन्स्पेक्टर आला आणि मुलाने टेबलाखाली बकरी लपवली, ती गोष्ट. बायका हसून हसून बेजार. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकलेली. मी पण हसले, तर ती थांबली, आणि शेवट न सांगताच खाली उतरायला लागली.

मजा करते आहे ती! माझा राग त्याचाच आहे. मी इथे रोज आतून भाजून निघते आणि ती हलव्याचे नमुने चाखते आहे.

इ.चा फोन. "काही बोलली?" नाही. "उद्या बोलेल, इन्शाल्ला." त्याचं हे इन्शाल्लासुद्धा आज डोक्यात गेलं. फोन ठेवला.

सोम. ५ डिसें.

मिस्फाह. डोंगरातलं गाव, खजुराच्या बागा, दगडी पाटातून पाणी वाहतं. बायकांनी पाटात पाय सोडले. आई माझ्यापासून हातभर अंतरावर. जागाच तेवढी होती.

पटवर्धनबाईंनी तिला विचारलं, "मुलंबाळं किती तुम्हाला?"

मी पाण्याकडे बघत राहिले.

आई म्हणाली, "एक मुलगी. बाहेर असते."

"अय्या, अमेरिकेत?"

"बाहेर," आई म्हणाली. पाय पुसले, बूट घातले.

मुलगी नाही असं म्हणाली नाही. पण बाहेर! शेजारी बसलेल्या मुलीला बाहेर! दुपारी बसमध्ये मावशीला म्हटलं, मी उतरते, इ.ला बोलावून घेते, मला हे जमणार नाही. मावशी म्हणाली, "माझ्यासाठी थांब. मला तिच्याबरोबर परत जायचंय, एकाच खोलीत राहायचंय. तुला काय, घर आहे."

थांबले.

मंगळ. ६ डिसें., वहिबाचं वाळवंट

आज भांडण झालं. एकदाचं.

बस रस्त्यावरच सोडून मोठ्या गाड्यांतून वाळूत कँपवर जायचं होतं. देवधर मॅडमनी यादी वाचून बसवलं. आमच्या गाडीत आई, मावशी, मी. बाकीच्या पुढे गेल्या. आमची टेकाडाच्या पोटाशी रुतली. ड्रायव्हर बलुची, तो म्हणाला, सगळे उतरा, टायरची हवा सोडतो. मावशी मुद्दामच त्याच्याजवळ थांबली. आई टेकाड चढायला लागली, मी मागे. तिच्या बुटात वाळू गेली म्हणून ती खाली बसली. शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं.

मी म्हटलं, "बाबा गेले तेव्हा मला का नाही कळवलं?"

"हे विचारायला आणलंय का मला?"

"मी नाही आणलं. तू आलीस."

ती बूट झटकत राहिली. मग एकदम, "कळवलं असतं तर तू आली असतीस. आणि मला तेव्हा तू समोर नको होतीस. कळलं? शेवटच्या दिवसांत ते तुझंच नाव घेत होते. माझं नाही. तेहतीस वर्षं त्यांचं केलं ते मी."

मला वाटलं होतं लोकलाज असेल, धर्म असेल. हे नव्हतं वाटलं.

मग म्हणाली, "आणि ते नाव तरी कुठे राहिलंय? बदललंस ना तू?"

"कोण म्हणालं?"

"सगळ्या सांगलीला माहीत आहे. मेहरुन्निसा."

"आई, मी मेधाच आहे. पासपोर्टवर मेधा, शाळेत सनाच्या कार्डावर आईचं नाव मेधा. इक्बालच्या आईसुद्धा मेधाच म्हणतात, त्यांना 'ध' नीट येत नाही तरी. रजिस्टर केलंय लग्न. कोणी काही बदललेलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. आठवड्यात पहिल्यांदा नीट बघितलं. मला वाटलं, आता रडेल. उलट भडकली. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मी पत्रं पाठवली, तू परत पाठवलीस! बारा वर्षं! एक साधा प्रश्न विचारायचा होता, आई, एक!"

"ओरडू नकोस. तो माणूस बघतोय."

ड्रायव्हर खरंच बघत होता. खालून ओरडला, "यल्ला, चलो माँजी, गाडी तैयार!" आई उठली. मी हात दिला, तो तिने घेतला, कारण वाळू खचत होती. उतार संपल्यावर सोडला.

कँपवर चहाला पुन्हा पहिल्यासारखी. "साखर देता का जरा?" देता का! मी डबा आपटलाच.

बुध. ७ डिसें., सूर

काही नाही. दिवसभर प्रवास, लाकडी जहाजांचा कारखाना, समुद्र. आई खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, पण उतरताना माझी पिशवी रॅकवर राहिली होती ती तिने काढून सीटवर ठेवली होती. की ती मावशीने ठेवली? विचारलं नाही. विचारून चूक निघाली तर.

इ.ला फोनवर सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बस झालं आता."

बस झालं म्हणजे काय, विचारलं. "काही नाही. झोप."

गुरु. ८ डिसें.

घरी बसून लिहिते आहे.

सूरमध्येच दुपारचं जेवण. समुद्राकाठचं हॉटेल, लांब टेबलं जोडलेली. भात वाढला जात होता आणि दारात इक्बाल. मागे सना, शाळेतल्या गॅदरिंगचा फ्रॉक घालून. माबेल्याहून पहाटे निघालेले. नंतर कळलं, अर्बाबला, म्हणजे मालकाला, सांगून आला की सासूबाई आल्यात. अर्बाब म्हणाला, मग इतके दिवस इथे काय करतोयस?

मी उठून त्याला बाहेर काढायला गेले. "तुला कोणी बोलावलं? सगळं बिघडवशील!"

"बिघडायला राहिलंय काय?" म्हणाला. आणि सनाला माझी आई नुसती बोटाने दाखवली.

ती सरळ टेबलाजवळ गेली. वीस बायका. आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "एक्स्क्यूज मी, तू माझा आजी आहे?"

देवधर मॅडमचा घास हातातच. पटवर्धनबाई माझ्याकडे, आईकडे, इ.कडे, पुन्हा माझ्याकडे.

आईचा चेहरा मला ओळखताच येईना. हिला लोकांसमोर काही झालेलं कधीच सहन होत नाही. मला वाटलं, उठून जाईल. पोरीसमोर उठून गेली तर मी तिला जन्मात माफ करणार नव्हते, असं ठरवूनही टाकलं तेवढ्यात.

"माझा नाही. माझी आजी," आई म्हणाली. "म्हण बघू."

"माझी आजी."

"हो. आहे." आणि शेजारची खुर्ची ओढली. "बस. भात घेणार?"

पटवर्धनबाई, "अय्या! म्हणजे ह्या तुमच्या..." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की वाक्य तिथेच संपलं.

जेवण होईपर्यंत सनाशीच बोलली. कितवीत आहेस, मराठी कोण शिकवतं, कोणीच नाही? का? ते 'का' माझ्यासाठी होतं. पण माझ्याकडे न बघता. सना खुशीत, इंग्लिश-मराठी-हिंदी सगळी खिचडी, आणि आई प्रत्येक वाक्य दुरुस्त करणार. माशाचा काटा काढून दिला तिला. जन्मात मासा न खाल्लेल्या बाईने!

इ. टेबलाच्या टोकाला उभाच. शेवटी आई त्याला म्हणाली, "एवढं लांब गाडी चालवून आलात. जेवून घ्या." तो बसला. एवढंच. त्या दोघांचं बोलणं एवढंच झालं.

शिट्टी वाजली तेव्हा मी बसपाशी म्हटलं, "उद्या दिवस मोकळा आहे तुमचा. घरी ये." ती म्हणाली, "बघू." मी बसमध्ये चढले नाही. इ.च्या गाडीतून घरी आलो. सना वाटभर "माझी आजी, माझी आजी" घोकत होती.

शुक्र. ९ डिसें.

पुरणपोळी. कटाची आमटी. कोथिंबिरीची वडी. इ. नमाजाहून येताना फुलं घेऊन आला, कुठून मिळाली कोण जाणे. घर दोनदा पुसलं. तिच्यासाठी वेगळी नवी भांडी काढली, मग राग आला, परत ठेवली, मग परत काढली.

दुपारी मावशीचा फोन, हॉटेलमधून. "मेधा, ती नाही येत गं. डोकं दुखतंय म्हणते."

"दुखतंय का खरंच?"

"पडून आहे. भिंतीकडे तोंड करून. मी काय सांगू?"

इ. म्हणाला, रात्री विमान आहे, एअरपोर्टवर जाऊ, सनाला घेऊ. मी म्हटलं, नाही. आठवडाभर तिच्या मागे बसमधून फिरले. माबेला हॉटेलपासून अर्ध्या तासावर. तेवढं तिने यायला हवं होतं. तो म्हणाला, म्हातारं माणूस आहे. मी म्हटलं, किल्ला चढली ती!

सनाने दोन पोळ्या खाल्ल्या. बाकीच्या केरळी बाईकडे दिल्या. मावशीने तरी एकटीने यायला हवं होतं. तीही नाही आली.

रवि. १८ डिसें.

संध्याकाळी फोन. मी भाजी चिरत होते, सनाने घेतला. बोलते आहे, हसते आहे, मला वाटलं वर्गातली कोणीतरी. मग ऐकलं, "हो आजी. गेले होते. गेली नाही, गेले."

सुरी तशीच हातात. दारात उभी राहिले. नंबर मावशीकडून घेतला असणार.

सनाने रिसीव्हरवर हात ठेवला. "मम्मा, आजी विचारते, जूनच्या व्हेकेशनमध्ये सांगलीला कोण कोण येणार?"

इ.ने टीव्हीचा आवाज बंद केला. माझ्याकडे बघेना, टीव्हीकडेच बघत राहिला, नुसती चित्रं.

मी फोन घेतला. "आई, मी बोलते आहे." पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. ठेवला नाही तिने. मी म्हटलं, "तिघं. येऊ तर तिघं येऊ."

कुकरची तिसरी शिट्टी झाली. मग म्हणाली, "जूनमध्ये इथे पाऊस असतो. सनाला रेनकोट लागेल. तिकडे मिळत नसेल." आणि ठेवला.

हो की नाही? काय समजायचं मी? उलट फोन करून विचारावंसं वाटलं, रागाने नंबर अर्धा फिरवला सुद्धा. ठेवून दिला.

इ. म्हणाला, "काय म्हणाल्या?"

"सनाला रेनकोट लागेल म्हणाली."

तो टीव्हीचा आवाज वाढवत म्हणाला, "सनाला नवा घेऊ. माझा आहे. रत्नागिरीला, पोटमाळ्यावर. अम्मीला सांगतो काढून ठेवायला."